मुळांना ऊब, पानांना ओल
केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांची जोपासना आणि बऱ्हाणपूर परिसराचा अनुभव

तापीच्या काठी वसलेले बऱ्हाणपूर हे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेले नगर आहे. फारुकी सुलतानांची ही राजधानी पुढे मोगलांच्या दक्षिणेकडील कारभाराचे ठाणे झाली. १६३१ मध्ये मुमताज महलचे निधन याच नगरात झाले. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत मार्गाने नगरात आणणारा कुंडी भंडारा सतराव्या शतकाच्या प्रारंभापासून आजतागायत येथे उभा आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडवा जिल्ह्यातून वेगळा होऊन बऱ्हाणपूर हा मध्य प्रदेशाचा स्वतंत्र जिल्हा झाला. तथापि शाहपूर, इच्छापूर या भागांतून हिंडणाऱ्या प्रवाशाला आपण रावेर किंवा मुक्ताईनगर तालुक्यातच आहोत असे वाटावे, इतके बोलीचे, चालीरीतींचे आणि शेतीचे साम्य दोन्ही बाजूंस आहे. या साम्याचा सर्वांत ठळक धागा म्हणजे केळी. 'एक जिल्हा, एक उत्पादन' या योजनेत बऱ्हाणपूरसाठी केळीचीच निवड झाली आहे. सीमेपलीकडील जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे.

मृगबाग व कांदेबाग या दोन्ही लागवडींच्या हंगामांत या परिसरातील रस्त्यांवर हिरव्या रोपांनी भरलेली वाहने दिसू लागतात. ही रोपे प्रयोगशाळेत जन्मलेली, म्हणजे ऊतिसंवर्धित असतात. त्यांच्यासाठी शेतकरी रोख पैसा मोजतो, प्रसंगी कर्जही काढतो. असे असूनही लागवडीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात पुष्कळ रोपे माना टाकतात, आणि "रोपेच खराब निघाली" असा निष्कर्ष काढला जातो. कधी तो खराही असतो. पण अनेकदा रोप निरोगी असते, मात्र त्याचे मूळ पुरते तयार होण्यापूर्वीच त्याला उघड्या रानात आणलेले असते. रोपाला मूळ कसे धरते, त्यासाठी ऊब आणि ओल यांचा मेळ कसा घालावा लागतो आणि या कामी घाई का करू नये, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

फांदीचे आयुष्य आणि मुळाची शर्यत

झाडाची फांदी तोडून मातीत खोचली, तर ती लगेच मरत नाही. तिच्या अंगात थोडे पाणी व थोडे अन्न शिल्लक असते. मात्र तिची पाने पर्णरंध्रांवाटे सतत वाफ सोडत असतात, आणि ते गेलेले पाणी भरून काढणारी मुळे तिच्यापाशी नसतात. म्हणून त्या क्षणापासून एक शर्यत सुरू होते. पानांतील पाणी संपण्यापूर्वी मूळ फुटले, तर फांदीचे झाड होते. मूळ फुटण्यापूर्वी पाणी संपले, तर फांदी वाळते. ही शर्यत फांदीने जिंकावी म्हणून माळी दोन उपाय योजतो. मुळाशी ऊब देऊन तो मूळ लवकर फोडतो, आणि पानांभोवतालची हवा ओलसर ठेवून पानांचा खर्च कमी करतो. मुळांना ऊब आणि पानांना ओल हे रोपवाटिकेच्या साऱ्या शास्त्राचे सार होय.

थंड प्रदेशांतील बागाईतदारांनी हे तत्त्व डेलियाच्या फुलझाडावर फार पूर्वीपासून वापरले आहे. डेलिया मूळचा मेक्सिकोचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो स्पेनमधील माद्रिदच्या राजोद्यानात पोचला आणि १७९१ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रेआस डाल यांच्यावरून त्याचे नामकरण झाले. तेथे हिवाळा संपण्यापूर्वीच डेलियाचे कंद ओलसर मातीत ठेवून त्यांना उबदार पेटीत कोंब आणवितात. कोंब सात-आठ सेंटिमीटरचा झाला, की तो पेऱ्याच्या लगत खाली कापून वाळूमिश्रित मातीत खोचतात. पेटीच्या तळाशी साधारण १८ ते २० अंश सेल्सिअस ऊब ठेवतात आणि वर काचेचे झाकण घालतात. दोन ते तीन आठवड्यांत कोंबाला मुळे फुटतात. आज या पेट्या विजेवर तापतात. वीज नव्हती तेव्हा तेच काम ताज्या शेणखताच्या थराने होत असे, कारण कुजताना खत तापते हे युरोपातील माळ्यांना आपल्या शेतकऱ्यांइतकेच ठाऊक होते.

डेलिया आणि केळी यांचा एक मनोरंजक संबंधही इतिहासात आढळतो. इंग्लंडमध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थ येथील उद्यानात जोसेफ पॅक्स्टन हा प्रमुख माळी होता. लंडनचा प्रसिद्ध स्फटिकमहाल १८५१ मध्ये ज्याच्या आराखड्यानुसार उभा राहिला, तोच हा पॅक्स्टन. १८३० च्या सुमारास मॉरिशसहून आलेले केळीचे एक बुटके रोप त्याने काचेच्या तापविलेल्या घरात वाढविले. १८३५ मध्ये ते फुलले, आणि ड्यूकच्या कॅव्हेंडिश या घराण्याच्या नावावरून त्या केळीला कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. याच पॅक्स्टनने १८३८ मध्ये डेलियाच्या लागवडीवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. खानदेश व बऱ्हाणपूर भागांत पिढ्यान्पिढ्या घेतली गेलेली बसराई आणि आज सर्वत्र दिसणारी ग्रँड नैन या दोन्ही जाती त्याच कॅव्हेंडिश गटातील आहेत. ज्या केळीला इंग्लंडमध्ये काचघराची ऊब लागली, तिच्या कुळातील रोपे आज तापीकाठी वाढत आहेत. त्यांची गरज मात्र तीच आहे.

मुनव्याकडून बाटलीकडे

केळीला बियांपासून लावण्याची सोय नाही, कारण खाण्याच्या केळीत रुजणारे बी नसते. तिची वंशवृद्धी खोडाच्या तळाशी असलेल्या कंदापासून होते. जुन्या पद्धतीत शेतकरी निरोगी बागेतून तलवारीसारख्या अरुंद पानांचे मुनवे निवडीत असे, त्यांचे कंद साफ करून लावीत असे. ही पद्धती स्वस्त व सोपी होती. तिच्यात दोष एवढाच की मुनव्याबरोबर जुन्या बागेतील रोगही नव्या शेतात येत. शिवाय कंद लहान-मोठे असल्याने बाग एकसारखी वाढत नसे आणि कापणी लांबत जाई.

ऊतिसंवर्धनाने या अडचणींवर मार्ग काढला. वनस्पतीच्या प्रत्येक सजीव पेशीत संपूर्ण वनस्पती घडविण्याची शक्ती असावी, असा विचार ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडला होता. पेशींच्या वाढीसाठी उपयुक्त अशा पोषक माध्यमाचे प्रमाण मुराशिगे व स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळा त्याचा आधार घेतात. केळीच्या निवडक मातृवृक्षाच्या मुनव्यातील वाढीचा कोवळा अंकुर निर्जंतुक करून काचेच्या बाटलीत या माध्यमावर ठेवतात. त्याला अनेक कोंब फुटतात. ते वेगळे करून पुन्हा वाढवितात. शेवटी मुळे फुटावीत अशा माध्यमावर त्यांना ठेवतात. ही फेरी किती वेळा करावी याला मर्यादा असते. मर्यादा ओलांडल्यास काही रोपे खुजी किंवा विकृत निपजण्याचा धोका वाढतो.

जळगाव येथील जैन इरिगेशन या कंपनीने १९९० नंतरच्या दशकात ग्रँड नैन जातीच्या ऊतिसंवर्धित रोपांचा या भागात प्रसार केला. ठिबक सिंचनाची जोड मिळाल्यावर ही पद्धती तापी खोऱ्यात दोन्ही राज्यांत रुजली. आज रोप आणि ठिबक यांच्याविना नव्या बागेचा विचार क्वचितच होतो.

बाटलीतील रोप दुबळे का असते?

बाटलीतील रोप दिसायला टवटवीत असते. त्याला पाने असतात, मुळेही असतात. वस्तुतः ते अत्यंत परावलंबी असते. बाटलीत तापमान सुमारे २५ अंश, प्रकाश मंद व ठरावीक वेळ, आणि हवा जवळजवळ पाण्याने भरलेली. अन्न साखरेच्या रूपाने आयते मिळालेले. अशा लाडात वाढलेल्या पानांवर मेणाचा संरक्षक थर नीट बनलेला नसतो. त्यांची पर्णरंध्रे उन्हात मिटण्याची सवय शिकलेली नसतात. मुळांवर पाणी शोषणारे केशतंतू पुरेसे नसतात. असे रोप उघड्या हवेत आणले, तर त्याचे पाणी पाहता पाहता उडून जाते. मुळाशी कितीही पाणी घातले तरी ते वर चढविण्याची शक्ती त्या मुळांत नसते.

पाणी कमी पडले म्हणून रोप सुकले, असे समजून शेतकरी अधिक पाणी देतो. त्यामुळे माती चिखल होते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणजे सुकणाऱ्या रोपाला वाचविण्यासाठी केलेला उपायच त्याचा घात करतो. अशा वेळी गरज असते ती सावलीची आणि भोवतालच्या ओलसर हवेची.

रोपवाटिकेतील दोन टप्पे

बाटली आणि शेत यांच्यामधील अंतर रोपवाटिकेत भरून काढले जाते. या क्रियेला सर्वत्र 'हार्डनिंग' म्हणतात. रोप काटक करणे, असा त्याचा अर्थ आहे. सासरी आलेल्या मुलीला घरच्या रीतीभाती हळूहळू अंगवळणी पडू द्याव्यात, तसाच हा प्रकार आहे.

पहिल्या टप्प्यात बाटलीतून काढलेल्या रोपांच्या मुळांना चिकटलेले माध्यम स्वच्छ पाण्याने काळजीपूर्वक धुतात. त्यात साखर असल्याने थोडेसे राहिले तरी बुरशी धरते. नंतर रोपे बुरशीनाशकाच्या सौम्य द्रावणात बुडवून, लहान-मोठी निवडून, नारळाच्या काथ्याचा भुसा भरलेल्या ट्रेमध्ये लावतात. हे ट्रे हरितगृहात प्लास्टिकच्या बुटक्या बोगद्याखाली ठेवतात. पहिल्या आठवड्यात आतील हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राखली जाते. तापमान २५ ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न असतो. पुढे रोज थोडा थोडा वेळ बोगद्याची बाजू उघडून बाहेरची हवा आत येऊ देतात. या टप्प्याला सुमारे चार ते सहा आठवडे लागतात.

रोप सावरल्याची खूण कोणती? बाटलीत आलेली जुनी पाने बहुधा पिवळी पडून जातात, आणि मधून एक नवे पान उलगडते. हे पान बाहेरच्या हवेत जन्मलेले असते. त्याच्यावर मेणाचा थर असतो, ते स्वतःचे अन्न स्वतः तयार करते. त्याच सुमारास ट्रेच्या तळातून पांढरी शुभ्र नवी मुळे डोकावू लागतात. नव्या पानाने आणि पांढऱ्या मुळाने ग्वाही दिल्याखेरीज रोप पुढे सरकवू नये.

दुसऱ्या टप्प्यात रोपे माती, वाळू व चांगले कुजलेले खत यांच्या मिश्रणाने भरलेल्या पिशव्यांत लावून शेडनेटखाली ठेवतात. प्रारंभी सावली दाट, नंतर विरळ. पाणी क्रमाने कमी केले जाते, ऊन क्रमाने वाढविले जाते. आणखी पाच ते सहा आठवड्यांनी रोप सुमारे एक फूट उंचीचे, पाच-सहा निरोगी पानांचे होते. बाटलीतून निघाल्यापासून शेतात जाण्यापर्यंत अशा रीतीने अडीच महिने लागतात. मागणी वाढली की हा काळ आखडता घेण्याचा मोह होतो, आणि पुष्कळदा शेतकऱ्याच्या नुकसानीचे मूळ याच मोहात असते.

बऱ्हाणपूरसारख्या ठिकाणी ऊब आणि ओल यांचा हिशेब ऋतूप्रमाणे बदलावा लागतो. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. तेव्हा ऊब देण्याचा प्रश्नच नसतो. उलट जाळीची दुहेरी सावली व तुषारांचे धुके यांनी हवा निववावी लागते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीच्या लाटेत रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली उतरते. तेव्हा सायंकाळी बोगदे बंद करून दिवसाची ऊब आत कोंडून ठेवावी लागते आणि पाणी सकाळी उशिरा द्यावे लागते. थंड देशांत विजेची पेटी जे काम करते, ते आपल्याकडे सूर्य आणि प्लास्टिकचे आच्छादन मिळून करतात.

रोपे घेताना

एका एकरात दीड मीटर बाय दीड मीटर अंतराने सुमारे १,८०० रोपे बसतात. त्यातील दहा टक्के दगावली, तरी १८० जागा रिकाम्या राहतात. नांगे भरता येतात, हे खरे. पण महिन्याभरानंतर भरलेली रोपे मोठ्या रोपांच्या सावलीत मागे पडतात आणि त्यांचे घड उशिरा येतात. म्हणून रोपे घेतानाच पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. रोपाला रोपवाटिकेत आलेली किमान पाच पाने असावीत. खोडाचा तळ दणकट असावा. उंच, पण काडीसारखे बारीक रोप दाट सावलीत घाईने वाढविलेले असते.

२. एखादी पिशवी हळूच फाडून पाहावी. मुळे पांढरी असावीत आणि त्यांनी माती धरून ठेवलेली असावी. माती गळून पडत असेल, तर मुळे अपुरी आहेत असे समजावे. मुळे तपकिरी व मऊ असतील, तर ती कुजलेली आहेत.

३. कोवळ्या ऊतिसंवर्धित रोपांच्या पानांवर तांबूस-जांभळट डाग असतात. हा रोग नव्हे. वाढीबरोबर ते नाहीसे होतात. मात्र पानांवर फिकट पिवळे पट्टे, चट्टे किंवा पान आक्रसलेले दिसल्यास ते रोप घेऊ नये.

४. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय पद्धती २००६ मध्ये सुरू केली. तीत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या रोपांची विषाणूंसाठी व जातीच्या एकसारखेपणासाठी तपासणी होते. रोपे अशा प्रयोगशाळेतील आहेत किंवा नाहीत, ते विचारावे. पक्की पावती घ्यावी. तिच्यावर जात, संख्या व तारीख असावी. तक्रारीचा प्रसंग आल्यास पावतीखेरीज दुसरा पुरावा नसतो.

५. वाहतूक शक्यतो रात्री करावी व वाहनावर जाळी घालावी. धावत्या वाहनावरील वारा रोपाचे जेवढे पाणी नेतो, तेवढे दिवसभराचे ऊनही नेत नाही.

आणलेली रोपे लगेच लावू नयेत. तीन-चार दिवस शेतातीलच एखाद्या झाडाच्या सावलीत ठेवून त्यांना तेथील हवेची ओळख होऊ द्यावी. प्रस्तुत लेखक वाङ्मयाचा विद्यार्थी. शेतीचे ज्ञान त्याला ऐकीव. काही वर्षांपूर्वी त्याने हौसेने केळीची बारा रोपे घरी आणली आणि उत्साहाच्या भरात त्याच दुपारी परसात लावून टाकली. भर उन्हाची वेळ होती. आठवड्याच्या आत नऊ रोपे गेली. उरलेली तीन कोपऱ्यातील निंबाच्या सावलीत होती. रोपवाटिकेचा त्यात काही दोष नव्हता. तीन दिवसांची सबुरी दाखविली असती, तर बारांपैकी बहुतेक रोपे जगली असती.

शेतातील पहिले दोन महिने

लागवड सायंकाळी करावी. पिशवी फाडताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नये. रोप पिशवीत जितके खोल होते, जवळजवळ तितकेच खोल लावावे. खोड फार गाडल्यास ते कुजते. माती हलक्या हाताने दाबून लगेच पाणी द्यावे.

मृगबागेच्या रोपांना पहिला धोका तापलेल्या वाऱ्याचा असतो. पाऊस लांबला तर तो वाढतो. यासाठी रोपाच्या दक्षिण व पश्चिम बाजूस तागाचे बी टोकण्याची रीत चांगली आहे. ताग भराभर वाढून सावली देतो आणि नंतर कापून तेथेच आच्छादन म्हणून अंथरता येतो. अनेक शेतकरी रोपांवर पातळ पांढऱ्या कापडाचे क्रॉप कव्हरही घालतात. त्यामुळे ऊन व वारा कमी होतात, आतील हवेत ओलावा टिकतो आणि रस शोषणाऱ्या किडी दूर राहतात. हे आच्छादन म्हणजे रोपवाटिकेतील बोगदाच काही दिवसांसाठी शेतात आणणे होय. ते काढताना मात्र एकदम भर दुपारी काढू नये, सायंकाळी काढावे. उन्हाळ्यात ठिबकच्या नळीत साठलेले पाणी दुपारी अतिशय तापते. ते कोवळ्या मुळांवर पडू नये म्हणून सिंचन पहाटे किंवा सूर्यास्तानंतर करावे.

कांदेबागेच्या रोपांपुढील संकट उलट असते. ती मूळ धरतात न धरतात तोच थंडी येते. तापमान १६ अंशांच्या खाली गेले, की केळीची वाढ मंदावते. १० अंशांच्या आसपास ती जवळजवळ थांबते. नवे पान गुंडाळलेल्या अवस्थेतच अडकते, पाने पिवळी पडतात. या वेळी शेतकऱ्याच्या हाताशी एक उत्तम साधन असते, आणि ते म्हणजे त्याची विहीर. जमिनीच्या पोटातील पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. त्यामुळे जानेवारीच्या रात्री विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ उबदार असते. थंडीच्या लाटेत रात्री उशिरा वा पहाटे असे पाणी दिले, तर मुळांभोवतालची माती उबदार राहते. परदेशातील माळी विजेच्या तारेने जी ऊब तळाशी देतो, तीच येथे धरणी देते. ज्या जलसंपत्तीवर कुंडी भंडारा उभारला गेला, तिचा हाही एक उपयोग आहे. म्हणून भूजल जपून वापरणे आणि विहिरींचे पुनर्भरण करणे यांतही केळी उत्पादकाचे हित आहे.

याखेरीज बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवताची वारारोधक ओळ लावावी, मुळांशी पालापाचोळ्याचे आच्छादन करावे आणि कडाक्याच्या रात्री बागेच्या कडेला ओलसर काडीकचऱ्याचा धूर करावा. हे उपाय जुने आहेत, पण जुने म्हणून टाकाऊ नाहीत.

रोगमुक्त म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे

एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ऊतिसंवर्धित रोप योग्य तपासणीनंतर आले असेल, तर ते येताना रोग आणीत नाही. पण शेतात आल्यावर त्याला रोग होणारच नाही, अशी हमी त्यात नाही.

काकडीवर्गीय विषाणूचा, म्हणजे आपल्याकडे ज्यास हरण्या म्हणतात त्या रोगाचा उपद्रव २०२० पासूनच्या काही पावसाळ्यांत तापी खोऱ्यातील बागांना सोसावा लागला. अनेकांना लावलेली रोपे उपटून टाकावी लागली. हा विषाणू मावा या किडीमार्फत पसरतो; काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची आणि बांधावरील अनेक तणांत तो आश्रय घेतो. म्हणून कोवळ्या बागेत वा तिच्या लगत ही पिके घेऊ नयेत, बांध स्वच्छ ठेवावेत आणि रोगट रोप दिसताच ते उपटून नष्ट करावे. एका रोपाची दया आली, तर शंभर रोपे गमवावी लागतात.

दुसरे संकट पनामा मर या बुरशीजन्य रोगाचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास या रोगाने जगाच्या बाजारातील ग्रोस मिशेल ही जात मागे पडली, आणि तिची जागा कॅव्हेंडिश केळीने घेतली. आता या बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिश केळीलाही ग्रासतो. बिहार व उत्तर प्रदेशात आढळल्यानंतर त्याची नोंद बऱ्हाणपूर परिसरातूनही झालेली आहे. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. औषधाने ती शेतातून नाहीशी करता येत नाही. रोगट बागेतील मुनवे, वाहते पाणी, अवजारे आणि पायांना लागलेली माती यांतून ती पसरते. रोपवाटिकेत पिशव्या भरण्यासाठी आणलेली माती जर अशा शेतातील असेल, तर प्रयोगशाळेची सारी शुद्धता व्यर्थ जाते. तेव्हा पिशवीतील माती कोठून आणली, हे रोपवाटिकेला विचारण्याचा शेतकऱ्याला पूर्ण अधिकार आहे. संशयास्पद झाड आढळल्यास ते स्वतः इकडेतिकडे न नेता कृषी वा उद्यान विभागाच्या कर्मचाऱ्यांना, कृषी विज्ञान केंद्राला किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्राला त्वरित कळवावे.

शाळेतील एक प्रयोग

हे तत्त्व विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविणे शिक्षकांना सहज शक्य आहे. थंडीच्या दिवसांत शाळेच्या आवारात दीड फूट खोल खड्डा घेऊन त्यात ताजे शेण व काडीकचरा दाबून भरावा. पहिल्या आठ-दहा दिवसांत तो फार तापतो. तो ताव उतरू द्यावा. मग वर चार बोटे वाळूचा थर द्यावा. डेलियाचे किंवा शेवंतीचे सात-आठ सेंटिमीटरचे कोवळे शेंडे पेऱ्याखाली कापून, खालची पाने काढून वाळूच्या कुंड्यांत लावावेत. डेलियाचा शेंडा पोकळ झालेला नसावा. पोकळ देठ लवकर कुजतो.

कुंड्यांचे तीन भाग करावेत. पहिला भाग उघड्यावर, दुसरा साध्या जमिनीवर पण प्लास्टिकच्या पिशवीने झाकलेला, तिसरा खताच्या खड्ड्यावर ठेवून झाकलेला. झाकलेल्या कुंड्या थेट उन्हात ठेवू नयेत. वाळूत तापमापक ठेवून रोजचे तापमान विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे. ते २० ते २४ अंशांच्या दरम्यान राहिल्यास उत्तम. तीन आठवड्यांनी कोणत्या शेंड्यांना मुळे फुटली व कोणते वाळले, याची मोजणी करावी. फळ्यावर काढलेल्या कोणत्याही आकृतीपेक्षा हा तक्ता मुलांच्या मनावर अधिक ठसेल. त्यांतील पुष्कळ मुलांच्या घरी केळीची बाग असेल, आणि शाळेतील ही गोष्ट त्याच दिवशी बांधावर पोचेल.

समारोप

रोपामागचे शास्त्र परदेशी असो वा आपले, प्रयोगशाळेतील असो वा परसातील, त्याचे मर्म एकच आहे. कोवळ्या जिवाला प्रथम ऊब आणि ओल द्यावी, आणि मग ती एकदम न तोडता हळूहळू कमी करून त्याला स्वतःच्या मुळांवर उभे राहू द्यावे. प्रयोगशाळेने आपले काम चोख केले, रोपवाटिकेने अडीच महिन्यांचा काळ पाळला, शेतकऱ्याने घाई टाळली आणि शासकीय यंत्रणेने तपासणी व मार्गदर्शनात कसूर केली नाही, तर लावलेल्या १,८०० रोपांपैकी बहुतेक सारी घडाला येतील. यांपैकी एक दुवा निखळला, तर बाकीच्यांचे श्रम मातीत जातात. रोपांची खरेदी करण्यासाठी निघालेल्या शेतकरी बंधू-भगिनींनी दर विचारण्यापूर्वी एकदा पिशवी उलटून मुळे पाहावीत, एवढी विनंती या निमित्ताने करावीशी वाटते.